कार्डावरची रेघ आणि आईच्या पाकिटातली अर्धी गोळी

आलेलं पत्र थोडं आवरून, नावगाव काढून देतेय.

"ताई, मी अमळनेर तालुक्यातला, वय २९, आयटीआय फिटर. धुळ्याला अवधानच्या एमआयडीसीत पाच वर्षं काम केलं. आता अबू धाबीकडच्या एका रिफायनरीच्या शटडाउनसाठी, म्हणजे ती दुरुस्तीला बंद ठेवतात तेव्हाच्या कामासाठी, निवड झालीय. बारा दिवसांनी मुंबईला कंपनीचं मेडिकल आहे आणि त्यात लघवीची दहा पॅनलची, म्हणजे दहा प्रकारची औषधं-नशा शोधणारी, ड्रग टेस्ट असते, असं एजंट म्हणाला. मागच्या वर्षी एस.टी.त पारोळ्याच्या पुढे माझी छाती एकदम धडधडायला लागली, हातपाय गार पडले, वाटलं आता संपलं. ईसीजी, इको सगळं नॉर्मल निघालं. जळगावच्या मनोविकाराच्या डॉक्टरांनी पॅनिकचा त्रास सांगितला. आठ महिने झाले, सकाळी सर्ट्रालिन ५० आणि रात्री क्लोनाझेपाम ०.५ चालू आहे. कधी फारच जीव घाबरा झाला तर आईच्या झोपेच्या गोळीतली, अल्प्राझोलम ०.५ मधली, अर्धी घेतो. महिन्यातून तीन-चार वेळा. हे बायकोलाही माहीत नाही. कतारमधला मित्र म्हणतो, चार दिवस आधी सगळं बंद कर आणि पाणी पीत राहा. गावातला मेडिकलवाला म्हणतो, क्लोनाझेपाम सोडून एटिव्हन घे, ती टेस्टमध्ये दिसत नाही. यातली हलकी गोळी कोणती? कोणती किती दिवस दिसते? आणि गोळी दिसली तर मी नशेडी ठरणार का? घरावर कर्ज आहे, ही नोकरी गेली तर अवघड आहे."

भाऊ, तू माझ्या धाकट्या मुलाच्या वयाचा आहेस, म्हणून अरे-तुरे करते. तुझ्या हातात दिवस कमी होते, म्हणून हे उत्तर तुला आधीच पाठवलं. इथे छापतेय ते तुझ्या परवानगीनं, कारण याच प्रश्नाची आणखी दोन पत्रं माझ्या टेबलावर पडून आहेत. मी डॉक्टर नाही. धुळ्यात मेडिकलच्या काउंटरमागे तेहेतीस वर्षं उभी राहिलेली फार्मासिस्ट आहे. तुझा डोस बदलायचा अधिकार मला नाही, आणि गावातल्या त्या मेडिकलवाल्यालाही नाही.

आज रात्रीची क्लोनाझेपाम नेहमीच्या वेळी घे. बाकी सगळं त्यानंतर वाच.

आठ महिने रोज घेतलेली ही गोळी एका झटक्यात बंद करता येत नाही. आमच्या दुकानावर एक गिऱ्हाईक होतं, एस.टी.तले कंडक्टर. दोन वर्षं अल्प्राझोलम घेत होते. मेव्हण्यानं सांगितलं, "या गोळ्या मेंदू सडवतात," म्हणून एका सोमवारी त्यांनी पाकीट फेकून दिलं. गुरुवारी भाचीच्या हळदीत मांडवाखाली त्यांना फिट आली. दात जिभेत रुतले, डोकं खांबावर आदळलं. आयुष्यात त्याआधी कधी फिट नव्हती. या गोळ्या मेंदूतल्या ब्रेकवर पाय ठेवून असतात. 'गाबा' नावाचं रसायन मेंदूला शांत करतं आणि गोळी त्याचा जोर वाढवते. महिनोन् महिने बाहेरून ब्रेक मिळाला की मेंदू स्वतःचा ब्रेक ढिला सोडतो. मग गोळी अचानक काढली की गाडी उतारावर सुटते. हातापायांना थरथर, घाम, झोप नाही, मूळ त्रासापेक्षा दुप्पट घबराट, आणि काहींना फिट. २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं या गटातल्या सगळ्याच गोळ्यांवर सवय लागण्याचा आणि अचानक सोडण्याच्या धोक्याचा चौकटीतला इशारा छापायला लावला, तो यासाठीच.

कतारच्या मित्राच्या हिशोबात आणखी एक चूक आहे. क्लोनाझेपाम शरीरातून सावकाश उतरते, त्यामुळे ती सोडल्याचा त्रासही उशिरा सुरू होतो. तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत "काही झालं नाही" असं वाटेल. आणि खरा गोंधळ नेमका मेडिकलच्या रांगेत उभा असताना होईल. रक्तदाब वर, नाडी शंभराच्या पुढे, हात थरथरतायत. असा माणूस कामाला योग्य आहे म्हणून कुठला डॉक्टर सही देईल? कमी करायचीच असेल तर दर दोन ते चार आठवड्यांनी पाच ते दहा टक्के, डॉक्टरच्या नजरेखाली. म्हणजे महिन्यांचं काम आहे ते, चार दिवसांचं नाही. सर्ट्रालिनही तशीच, एकदम सोडली की चक्कर येते, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखं होतं.

आता "हलकी कोणती?" हा प्रश्न मी दिवसातून पाच वेळा ऐकायचे. लोक पाकिटावरचा आकडा बघतात. "ताई, दहाची नको, पॉइंट पाचची द्या, हलकी." इथेच फसतात. डायझेपाम, जुन्या लोकांच्या तोंडातली कांपोज, १० मिलिग्रॅम घेतली तर जेवढा परिणाम होतो, साधारण तेवढाच क्लोनाझेपामच्या अर्ध्या मिलिग्रॅमनं होतो. अल्प्राझोलमच्याही अर्ध्यानं. लोराझेपाम, म्हणजे तुझ्या मेडिकलवाल्याची एटिव्हन, साधारण एक मिलिग्रॅम लागते. माणसागणिक हे थोडं मागेपुढे होतं, पण मिलिग्रॅममधला आकडा लहान म्हणजे गोळी हलकी नव्हे. उलट ती जास्त तेज आहे म्हणून थोडीच पुरते. मिरचीसारखं. लवंगी लहान असते म्हणून कुणी तिला फिक्की म्हणत नाही.

या गोळ्यांमधला खरा फरक वेळेचा आहे. अल्प्राझोलम एक-दोन तासांत चढते आणि साधारण अकरा तासांत निम्मी उतरते. चढताना जाणवते, उतरतानाही जाणवते, म्हणून माणूस पुढच्या गोळीकडे बघायला लागतो. मालेगाव-धुळ्याकडे नशा करणारी पोरं जिला कुत्ता गोळी म्हणतात ती बहुतेक वेळा हीच. १ मार्च २०१४ पासून औषधविक्रीच्या नियमांतलं शेड्यूल एच-वन लागू झालं. अल्प्राझोलम, डायझेपाम, नायट्राझेपाम, झोल्पिडेम अशा औषधांना तेव्हापासून वेगळी वही घालावी लागते. डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती गोळ्या दिल्या, सगळं लिहायचं आणि वही तीन वर्षं जपायची. ती वही आली तेव्हा संध्याकाळी येणारी काही टोळकी आमच्या दुकानावरून गायब झाली. काही दुकानांवर नाही झाली, पण ते जाऊ दे.

क्लोनाझेपाम निम्मी उतरायला तीस-चाळीस तास घेते. म्हणून रात्री एकदा घेतली की दुसऱ्या रात्रीपर्यंत पुरते आणि चढउतार फार जाणवत नाही. तुझ्या डॉक्टरांनी ती निवडली त्यामागे हे कारण असणार. लोराझेपामला बारा तासांच्या आसपास लागतात. यकृताला तिच्यावर फार कष्ट पडत नाहीत, म्हणून म्हाताऱ्या आणि यकृत बिघडलेल्या पेशंटला डॉक्टर बऱ्याचदा ती देतात. डायझेपाम चढते लवकर, पण शरीरात तिच्यापासून नॉरडायझेपाम नावाचा जो पदार्थ तयार होतो तो शंभर-शंभर तास रेंगाळतो. इटिझोलाम हल्ली आपल्याकडे फार लिहितात. ती याच कुटुंबाची चुलत बहीण, तीन-चार तासांत निम्मी होते. यातली कुठलीच "साधी झोपेची गोळी" नाही. आणि दारूबरोबर घेतली तर सगळ्याच एकजात वाईट, श्वास मंदावतो. शटडाउनच्या कॅम्पवर सुट्टीच्या रात्री काय चालतं ते मला ठाऊक नाही असं समजू नकोस.

आता टेस्टकडे ये. पहिली तपासणी बहुतेक कार्डावर होते. गरोदरपणाच्या पट्टीसारखंच दिसतं, फक्त अर्थ उलटा. रेघ उमटली तर निगेटिव्ह, रेघ उमटली नाही तर पॉझिटिव्ह. फिकट रेघसुद्धा रेघच धरतात. लघवीत औषधाचा अंश ठरलेल्या मर्यादेच्या वर असेल तर रेघ येत नाही. तुझी क्लोनाझेपाम आणि आईची अल्प्राझोलम ज्या गटात मोडतात त्या बेन्झोडायझेपिन गटासाठी ती मर्यादा बऱ्याच कार्डांवर एका मिलिलिटरला ३०० नॅनोग्रॅम असते, काहींवर २००.

मेडिकलवाल्याला एटिव्हनची दंतकथा कुठून मिळाली तेही सांगते, कारण त्यात चिमूटभर खरं आहे आणि अशाच गोष्टी माणसाला खड्ड्यात घालतात. ही कार्डं मुख्यतः ऑक्साझेपाम नावाच्या पदार्थाला ओळखायला बनवलेली असतात. डायझेपाम आणि याच गटातलं क्लोरडायझेपॉक्साइड शरीरात फुटत फुटत शेवटी ऑक्साझेपामपर्यंत येतात, म्हणून त्या चटकन पकडल्या जातात. अल्प्राझोलमचा अंशही बहुतेक कार्डं पकडतात. लोराझेपाम आणि क्लोनाझेपाम मात्र वेगळ्या वाटेनं फुटतात. लोराझेपामला यकृत साखरेसारखा एक रेणू चिकटवून बाहेर टाकतं, क्लोनाझेपामचं ७-अमिनोक्लोनाझेपाम होतं, आणि काही कार्डांना हे दोन्ही नीट ओळखू येत नाहीत. म्हणजे तू ज्या गोळीला घाबरून एटिव्हनकडे पळायला निघालास ती क्लोनाझेपामसुद्धा कार्डाच्या त्याच आंधळ्या कोपऱ्यात बसलेली आहे! पण कुठल्या कंपनीचं कार्ड, नमुना आधी कार्डावर जाणार की थेट मोठ्या लॅबला, हे तुला माहीत नाही, मेडिकलवाल्यालाही नाही. काही नवी कार्डं या दोघींनाही पकडतात.

मोठ्या लॅबमधलं मास स्पेक्ट्रोमीटरचं यंत्र तर गटाचं नाव सांगून थांबत नाही. ते पदार्थाचं वजन करून नाव सांगतं. ७-अमिनोक्लोनाझेपाम म्हणजे क्लोनाझेपाम, अल्फा-हायड्रॉक्सिअल्प्राझोलम म्हणजे अल्प्राझोलम, लोराझेपाम म्हणजे लोराझेपाम. प्रत्येक गोळीचा अंगठा वेगळा. हे लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

कार्ड उलट्या बाजूनंही चुकतं, आणि ती चूक तुझ्या कामाची आहे. सर्ट्रालिन घेणाऱ्या माणसाच्या लघवीत बेन्झोडायझेपिन नसतानाही काही कार्डं पॉझिटिव्ह दाखवतात. औषधाच्या माहितीपत्रकात हे छापलेलं असतं, आणि गोळी बंद केल्यावरही काही दिवस असं होऊ शकतं. म्हणजे मित्राचं ऐकून तू क्लोनाझेपाम सोडलीस, चार रात्री जागून काढल्यास, आणि तरी रेघ आली नाही, असंही होईल. तेव्हा खरं-खोटं ठरवायला तेच मोठं यंत्र लागेल.

किती दिवस दिसते? लघवीत अल्प्राझोलम आणि लोराझेपाम ढोबळमानानं तीन ते पाच दिवस. रोज घेतलेली क्लोनाझेपाम आठवडाभर आणि त्याहून जास्तही. डायझेपाम थोडी घेतली तर दहा दिवसांपर्यंत, महिनोन् महिने घेतली असेल तर महिनाभर. रक्तात आणि लाळेत सगळ्याच कमी काळ, केसात तीन महिने. हे आकडे वय, वजन, यकृत, मूत्रपिंड, डोस, लॅबची मर्यादा या सगळ्यांवर हलतात. तू त्यांच्या भरवशावर कॅलेंडरवर खुणा करू नकोस. आणि पाणी! पाच-सहा लिटर पाणी पिऊन गेलं की लघवी पांढरी होते, मग लॅब तिच्यातलं क्रिएटिनिन, म्हणजे लघवीत नेहमी असणारा एक टाकाऊ पदार्थ, आणि घनता बघते, "पातळ नमुना" असा शेरा मारते आणि पुन्हा बोलावते. दुसऱ्यांदा बोलावलेल्या माणसाकडे सगळे वेगळ्या नजरेनं बघतात. काही लपवायचं नसलेला माणूस उगाच संशयात येतो.

नशेडी ठरशील का? डॉक्टरच्या चिठ्ठीवर, सांगितलेल्या डोसात घेतलेली गोळी लघवीत दिसणं म्हणजे नशा नव्हे. नीट चालणाऱ्या व्यवस्थेत पॉझिटिव्ह आलेला अहवाल आधी तपासणाऱ्या डॉक्टरकडे जातो. ते विचारतात, औषध चालू आहे का, कागद दाखवा. मेळ बसला तर त्या दृष्टीनं प्रकरण मिटतं. आपल्याकडे सगळीकडे इतकं नीट होतं असं मी म्हणणार नाही. म्हणूनच कागद नमुना देण्याच्या आधी द्यायचा, नंतर नाही. मेडिकलच्या फॉर्मवर चालू औषधांचा रकाना असतो. तिथे स्वतःच्या हातानं लिही. एजंट म्हणेल, "भो, ते कोरं सोड." त्याचं कमिशन तू विमानात बसेपर्यंतचं असतं.

आणि इथेच तुझ्या पत्रातली सगळ्यात अडचणीची ओळ येते. तुला ती किरकोळ वाटली असेल. आईच्या पाकिटातली अर्धी गोळी.

क्लोनाझेपामला तुझ्याकडे चिठ्ठी आहे. अल्प्राझोलमला नाही. यंत्राला दोन्ही वेगळ्या दिसतात. अहवालात दोन नावं आली आणि फाइलमध्ये एकाचीच चिठ्ठी असली, तर आठ महिने शिस्तीत औषध घेणारा तू दुसऱ्याच्या गोळ्या उचलणारा ठरशील. आईनं दिली, घरचीच होती, हे सांगून भागत नाही. मेडिकलवाल्याच्या सांगण्यावरून एटिव्हन घेतलीस तर तिसरं नाव. तो लपवायचा उपाय नाही, पुरावा वाढवायचा आहे.

म्हणून उद्या सकाळी जळगावच्या डॉक्टरांना फोन कर आणि शक्य तितक्या लवकर जाऊन भेट. त्यांना अर्ध्या गोळीचं खरंखरं सांग. किती वेळा घेतलीस, शेवटची कधी, तारखेसह. रागावतील, रागावू दे. दोन सारख्या गोळ्या एकावर एक पडतायत हे त्यांना आठ महिने माहीतच नव्हतं. रात्रीच्या डोसवर वरून अर्धी पडली की सकाळी ग्राइंडर हातात घेताना तुझी पकड कशी असेल, हा प्रश्न लॅबच्याही आधीचा आहे. यापुढे ती अर्धी गोळी घ्यायची नाही. रोजची सवय नसल्यानं तिच्या बाबतीत हळूहळू सोडायचा प्रश्न बहुधा येणार नाही, पण ते त्यांनाच ठरवू दे. घेतलेली अर्धी गोळीही फॉर्मवर लिही, आणि कशी लिहायची ते डॉक्टरांना विचार.

त्यांच्याकडून लेटरहेडवर, इंग्रजीत, एक पत्र घे. आजाराचं नाव, कधीपासून, औषधांची मूळ नावं आणि डोस, तब्येत स्थिर आहे का, उंचीवर किंवा यंत्रावर काम करण्याबद्दल त्यांचं मत, नोंदणी क्रमांक, सही, शिक्का, अलीकडची तारीख. पासपोर्टवर नाव जसं आहे तसंच पत्रात असू दे. आपल्याकडे चिठ्ठीवर "पाटील भाऊसाहेब" आणि पासपोर्टवर भलतंच नाव असतं. सोबत जुन्या चिठ्ठ्या आणि मेडिकलची बिलं लाव. बिल घेत नसशील तर आता तरी घ्यायला लाग.

घरातली बाकीची औषधंही एका पिशवीत घालून पाकिटं उलटी करून वाच. मोठ्या अक्षरातलं नाव सोड, बारीक अक्षरातलं मूळ औषध बघ. आपल्याकडे एका गोळीत दोन-तीन औषधं कोंबायची फार हौस. पोटात मुरडा आला की गावात सर्रास देतात त्या नॉर्मॅक्सिनमध्ये क्लोरडायझेपॉक्साइड असतं, म्हणजे बेन्झोडायझेपिनच. लिब्रॅक्समध्येही तेच. धडधडीवर प्रोप्रॅनोलॉलबरोबर क्लोनाझेपाम किंवा अल्प्राझोलम एकत्र असलेल्या गोळ्या आहेत. पोटाची गोळी घेतली आणि कार्डावर रेघ आली नाही, असा माणूस मी स्वतः पाहिलाय. बिचारा शपथा घेत होता. खोकल्याच्या काही औषधांत कोडीन असतं, ते अफूच्या पॅनलमध्ये दिसतं.

आणि खसखस. हे वाचून हसशील, पण टेस्टच्या आधी काही दिवस खसखस घातलेला रस्सा, लाडू, हलवा नको. खसखशीमुळे अफूची टेस्ट पॉझिटिव्ह येऊ शकते. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे संयुक्त अरब अमिरातीत खसखस नेण्यावर बंदी आहे. निघताना आई पिशवीत काळ्या मसाल्याचा डबा घालेलच. आपल्याकडच्या बऱ्याच घरांत त्या मसाल्यात खसखस भाजून घालतात. तेवढा डबा घरी राहू दे. तिथे शेवभाजी थोडी अळणी लागेल, चालेल.

गोळ्यांचंही तसंच. क्लोनाझेपाम, अल्प्राझोलम, लोराझेपाम, डायझेपाम ही सगळी तिथे नियंत्रित औषधं आहेत. सोबत न्यायची तर तिथल्या सरकारची पूर्वपरवानगी काढावी लागते. अर्ज ऑनलाइन असतो, डॉक्टरचं पत्र आणि चिठ्ठी जोडावी लागते. परवानगी हातात आल्याशिवाय एकही गोळी बॅगेत टाकू नकोस, आणि सुटी, पाकिटाबाहेरची तर कधीच नाही. शेजारच्या कुणाच्या भावासाठी औषधाचं पार्सल "टाकतोस का जरा बॅगेत" असं कुणी म्हटलं, तर नातं तुटलं तरी चालेल.

हे सगळं केल्यावर नोकरी पक्की का? असं मी लिहून देणार नाही. चिठ्ठी असली तरी कंपनीचा डॉक्टर म्हणू शकतो की मचाणावर, पन्नास डिग्रीच्या उन्हात, बंद टाकीत उतरायच्या कामाला गुंगीची गोळी घेणारा माणूस नको. त्यात त्याचं सगळंच चुकत नाही. आपणही भुसावळच्या मे महिन्यात पत्र्याखाली काम केलेली माणसं आहोत. कदाचित जमिनीवरचं काम देतील, कदाचित पुढच्या बॅचला या म्हणतील. खरं सांगितल्यामुळे हातचा गेलेला महिना परत मिळू शकतो. लपवून गेलास आणि तिकडे अचानक तपासणीत सापडलास, तर नोकरीपेक्षा मोठं प्रकरण होईल, आणि तेही परक्या मुलखात, परक्या भाषेत.

डॉक्टरांकडे गेलास की आणखी एक विचार. पॅनिकच्या त्रासावर तुझं मुख्य औषध सर्ट्रालिन आहे. क्लोनाझेपाम बहुतेक वेळा सुरुवातीचे काही आठवडे, सर्ट्रालिनचा गुण येईपर्यंत, टेकू म्हणून देतात. ती आठ महिने का चालू राहिली, हे तुझ्या डॉक्टरांनी ठरवून केलं की तूच जुनी चिठ्ठी दाखवून मेडिकलवरून घेत राहिलास? पत्रात ते लिहिलेलं नाहीस. मला दुसरी शक्यता जास्त वाटते, कारण तो मेडिकलवाला तुझ्या फारच ओळखीचा दिसतो. एवढी मधूनमधून अर्धी गोळी लागते याचा अर्थ त्रास पुरता आवरलेला नाही. सर्ट्रालिनचा डोस, पॅनिकसाठीचं समुपदेशन, श्वासाचे आणि हळूहळू एस.टी.त बसायचे सराव, हे सगळं त्यांच्याशी बोल. गुंगी न आणणारे पर्यायही असतात आणि त्यातले बरेच या टेस्टमध्ये मोजलेच जात नाहीत. पण ते औषध बदलायचं कारण ठरू नये. रात्री दोन वाजता जीव घाबरा झाला आणि डॉक्टर फोनवर नसले, तर १४४१६ वर फोन लाव. सरकारची टेलि-मानस सेवा आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. आईच्या पाकिटाकडे हात जाण्याआधी तो नंबर लाव.

बायकोलाही त्या अर्ध्या गोळीचं सांग. तुझ्या गोळ्या मोजायला घरात आणखी एक माणूस हवं.

आता आईचं. तिचं वय तू लिहिलेलं नाहीस, पण तू २९ चा म्हणजे ती पन्नाशी ओलांडलेली किंवा साठीच्या घरातली असणार. अल्प्राझोलम ०.५ ती किती वर्षं घेतेय, कुणी सुरू केली, शेवटचं कुणी तपासलं? त्या वयात या गोळीनं रात्री मोरीकडे जाताना तोल जातो, खुब्याचं हाड मोडतं, विसरायला होतं आणि घरचे म्हणतात, "आता वय झालं." दर महिन्यात तिच्या तीन-चार गोळ्यांचे तुकडे कमी होतायत हे तिच्या लक्षात आलं नसेल तर तीही काळजीची गोष्ट आहे, आणि आलं असेल पण ती गप्प असेल तर त्याहून जास्त. तिची गोळीही अचानक बंद करायची नाही. जळगावला जाशील तेव्हा तिला बरोबर घेऊन जा, तिचं पाकीट आणि चिठ्ठी पिशवीत टाक, आणि दोघांचा नंबर एकाच वेळी लाव.